मान्यतेवाचून तेहेतीस वर्षे

मुलगी बारावी झाली, आता तिला पुढे कोठे घालावयाचे, असा प्रश्न घरात निघाला की पालक पहिली चौकशी करतात ती मान्यतेची. कॉलेज मान्य आहे ना? पदवी सरकारदरबारी चालेल ना? ही चौकशी रास्त आहे आणि ती अवश्य करावी. परंतु पुष्कळदा चौकशी तेथेच संपते. तेथे काय शिकवितात, कोणत्या भाषेत शिकवितात, शिकविणारे कोण, मुलगी दिवसाचे सहा-सात तास तेथे नेमके काय करणार, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. फार तर इमारत पाहून येतात, आणि बस घराजवळ येते की नाही ते विचारून घेतात.

प्रस्तुत लेखात एका अशा विद्यापीठाचा परिचय करून घ्यावयाचा आहे की ज्याला स्थापनेपासून तेहेतीस वर्षे कायद्याची मान्यता नव्हती. अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेले महिला विद्यापीठ ते हे. आज आपण त्यास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, किंवा थोडक्यात एस.एन.डी.टी., म्हणून ओळखतो. आज त्याचा व्याप मोठा आहे. पण आरंभी ते इतके लहान होते की त्याला विद्यापीठ म्हणावे की नाही याविषयीच लोकांना शंका होती. पदवीला बाजारात किंमत नाही हे ठाऊक असूनही काही आईबापांनी आपल्या मुली तेथे पाठविल्या. त्या कशासाठी पाठविल्या हे समजून घ्यावयाचे तर त्या विद्यापीठाचा अभ्यासक्रमच उघडून पाहिला पाहिजे. मुलींना शिकवावे की नाही हा वाद आता संपला आहे. काय शिकवावे हा वाद मात्र संपलेला नाही, म्हणून हा विषय निवडला.

प्रथम संस्थापकाविषयी थोडे. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. कोकणात मुरुड येथे ते वाढले. परीक्षा, दाखले आणि अधिकाऱ्यांचे शिक्के यांचा अनुभव त्यांना कोवळ्या वयातच आला. सरकारी परीक्षेस बसण्यासाठी मुरुडचा हा मुलगा सोबत्यांबरोबर घाट चढून, शंभरांहून अधिक मैल पायी चालून साताऱ्यास गेला. परीक्षेस सतरा वर्षे पुरी झालेली लागत. ती झाली होती, दाखलाही जवळ होता. परंतु मुलगा अंगाने लहानखुरा. वयाने लहान दिसतोस, असे म्हणून परीक्षकांच्या प्रमुखाने त्यास परत पाठविले. पुढे हाच मुलगा मुंबईस पदवीधर झाला, १८९१ साली गोखल्यांच्या बोलावण्यावरून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा अध्यापक झाला आणि १९१४ पर्यंत तेथे राहिला. विधवांसाठी काढलेला अनाथ बालिकाश्रम १८९६ चा आणि महिला विद्यालय १९०७ चे. तेव्हा १९१६ साली विद्यापीठ काढणारा हा मनुष्य कोणी हवेत मनोरे बांधणारा नव्हता. मुली कोठे अडतात, किती दिवस शाळेत टिकतात, कोणत्या वर्गातून घरचे त्यांना काढून नेतात, हे त्याने वीस वर्षे रोज पाहिले होते.

विद्यापीठाची कल्पना टपालाने आली म्हटले तरी चालेल. टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका काशीहून त्यांच्याकडे आली होती. तिच्यावर त्यांनी नुसती नजर टाकून ती बाजूस ठेवून दिली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाती लागली, आणि या वेळी त्यांनी ती नीट वाचली. अध्यक्षीय भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची योजना मांडली, आणि पुढच्याच वर्षी ती अमलात आणली. इतकी घाई कशाला, असे म्हणणारे पुष्कळ होते. अण्णासाहेब तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते, हे त्याचे एक उत्तर होय.

त्या जपानी विद्यापीठाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याचे संस्थापक नारुसे जिन्झो. त्यांचाही जन्म १८५८ चाच, म्हणजे हे दोघे समवयस्क. नारुसे काही काळ ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, अमेरिकेत काही वर्षे शिकून आले होते, आणि १९०१ साली टोकियोच्या मेजिरो भागात त्यांनी ही संस्था उघडली. आरंभीच्या शाखा तीन : गृहशास्त्र, जपानी वाङ्मय आणि इंग्रजी वाङ्मय. स्त्रीला प्रथम माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राची घटक म्हणून शिकवावे, असा त्यांचा क्रम होता. या क्रमात ‘माणूस’ पहिला येतो, हे लक्षात ठेवावे; पुढे त्याची गरज पडणार आहे. आणखी एक गोष्ट. नावात विद्यापीठ असले तरी जपानी कायद्याच्या दृष्टीने ती संस्था बराच काळ विशेष शिक्षणाची एक शाळाच होती. पुरत्या विद्यापीठाचा दर्जा तिला १९४८ साली मिळाला. आपल्याकडे कर्व्यांच्या विद्यापीठाचा कायदा झाला १९४९ साली. म्हणजे टोकियोस काय आणि पुण्यास काय, दोन्ही संस्थांनी आधी विद्यापीठाचे काम केले आणि विद्यापीठ हे पद त्यांस मागाहून मिळाले.

१९१६ च्या जून महिन्यात नियामक सभेची पहिली बैठक झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले. ते तेव्हा ऐंशीच्या घरात होते. फर्ग्युसनचे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू झाले. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले हेच ते रँग्लर परांजपे. अशी दोन नावे मिळाल्यावर सरकारी शिक्का नसला तरी लोकांनी एकदम हसण्यावारी नेण्याची सोय राहिली नाही. नियामक सभेवर जावयाचे सभासद निवडण्याचा अधिकार वार्षिक वर्गणी देणाऱ्यांना होता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सरकारने दिलेली सनद नव्हती, तेव्हा ज्यांनी दरसाल थोडे थोडे रुपये दिले त्यांनाच विद्यापीठाचे मालक ठरविले. गावोगाव हिंडून अण्णासाहेबांनी अशा लहान वर्गण्या गोळा केल्या. मोठ्या देणगीदाराची वाट पाहत ते बसले नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये महाविद्यालयाचा पहिला वर्ग भरला. त्या वर्गात मुली होत्या पाच.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. त्याचे दोन खांब होते, आणि ते दोन्ही सारख्या मजबुतीचे नव्हते असे माझे मत आहे.

पहिला खांब भाषेचा. सर्व विषय मातृभाषेतून शिकवावयाचे. इंग्रजी हा एक सक्तीचा विषय म्हणून शिकवावयाचा. आज हे वाक्य सोपे वाटते. १९१६ साली हिंदुस्थानात कॉलेजातील शिक्षण म्हणजे इंग्रजीतील शिक्षण, याला दुसरा अर्थच नव्हता. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकपर्यंत पोचण्यासाठीच मुलाची कितीतरी वर्षे इंग्रजी शब्द पाठ करण्यात जात. मुलाला ती वर्षे मिळत. मुलीला कोठून मिळणार? तिच्या लग्नाची बोलणी त्याच वर्षांत सुरू होत. अण्णासाहेबांचे म्हणणे असे की मुलीजवळ वेळ थोडा आहे, तेव्हा त्या थोड्या वेळात तिच्या पदरी ज्ञान पडले पाहिजे. ज्ञानाच्या दाराचे कुलूप उघडण्यातच तो वेळ जाता कामा नये. ज्या थोड्या मुलींना मुंबई विद्यापीठाचा मार्ग परवडतो त्यांनी त्या मार्गाने खुशाल जावे, त्यास त्यांची ना नव्हती. त्यांचा डोळा होता तो उरलेल्या पुष्कळ मुलींवर.

याही बाबतीत टीका दोन्ही बाजूंनी झाली. काहींना वाटे की मराठीतून दिलेले ते उच्च शिक्षण कसले. महात्मा गांधींना मातृभाषेचे तत्त्व पसंत होते, पण इंग्रजीची सक्ती नसावी असे त्यांचे मत पडले. अण्णासाहेबांनी सक्ती कायम ठेवली. जगातील ग्रंथ वाचावयाचे, दुसऱ्या प्रांतातील माणसाशी बोलावयाचे, तर ती भाषा येणे त्यांना अवश्य वाटले.

तत्त्व ठरविणे सोपे, वर्गात उभे राहून शिकविणे कठीण. कॉलेजच्या योग्यतेची मराठी पुस्तके होती कोठे? मानसशास्त्राचा अध्यापक इंग्रजी ग्रंथ वाचणार, आणि दुसऱ्या दिवशी तोच विषय मराठीत सांगणार. अवधान, संवेदना, सहजप्रवृत्ती असे शब्द आज आपण सहज लिहितो, पण कोणीतरी ते कधीतरी प्रथम फळ्यावर लिहिले असतील आणि मुलींच्या चेहऱ्याकडे पाहून पुसलेही असतील. ज्याने हे काम केले आहे त्यालाच ठाऊक की असा धडा तयार करताना शिक्षकाला विषय दुसऱ्यांदा शिकावा लागतो. इंग्रजीतील व्याख्या जशीच्या तशी सांगता येते, आणि न समजताही सांगता येते. मराठीत सांगताना न समजलेले लगेच उघडे पडते. मी शाळेत गणित शिकविते. ‘एल.सी.एम. काढा’ म्हटले की मुले हिशेब बिनचूक करतात. पण एक बस दर बारा मिनिटांनी आणि दुसरी दर अठरा मिनिटांनी सुटते, दोन्ही एकदम सुटल्या, आता पुन्हा एकदम केव्हा सुटतील, असे घरच्या बोलीत विचारले की निम्मा वर्ग गप्प होतो. छत्तीस मिनिटांनी हे उत्तर त्यांच्या वहीत असते, फक्त ते या प्रश्नाचे उत्तर आहे हे त्यांना ठाऊक नसते.

आपल्या हैदराबादेत राहणाऱ्या वाचकांना येथे साहजिकच उस्मानिया विद्यापीठाची आठवण होईल. ते १९१८ चे, म्हणजे कर्व्यांच्या विद्यापीठाहून दोन वर्षांनी लहान. तेथेही इंग्रजीस बाजूला सारून देशी भाषा, म्हणजे उर्दू, हे माध्यम केले होते. त्यासाठी १९१७ सालीच भाषांतराचे स्वतंत्र खाते, दारुत्तर्जुमा, उघडले होते. जाणत्या विद्वानांना पगार देऊन शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणविले गेले. वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकविले जाई. मागे निजामाचा खजिना होता, म्हणून हे शक्य झाले. पुण्याच्या विद्यापीठामागे वर्गणीची पावतीपुस्तके होती. दोन्ही प्रयोगांचे मला सारखेच कौतुक वाटते, परंतु एक फरक सांगितला पाहिजे. उर्दू ही निजामाच्या राज्यातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा नव्हती. ती प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती. औरंगाबादच्या किंवा नांदेडच्या मराठी घरातील मुलाला उस्मानियाची उर्दू ही इंग्रजीपेक्षा जवळची खरी, पण शेवटी शिकूनच घ्यावयाची भाषा होती. आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांनी उर्दूतून वकिलीचा अभ्यास केला त्यांच्या घरी या गोष्टी अजून बोलल्या जातात. कर्व्यांच्या विद्यापीठात महाविद्यालय ज्या प्रांतात असेल त्या प्रांताची भाषा माध्यम, असा नियम होता. त्यामुळे मराठीबरोबर गुजराती वर्गही त्यात सामावले. १९४८ नंतर उस्मानियातील उर्दू माध्यम गेले आणि इंग्रजी आले. महिला विद्यापीठात मराठी व गुजराती टिकल्या.

दुसरा खांब विषयांचा. मातृभाषा व इंग्रजी यांच्या जोडीला गृहजीवनशास्त्र, आरोग्यशास्त्र, मानसशास्त्र आणि बालमनाचा अभ्यास यांना या विद्यापीठाने मानाचे स्थान दिले. संगीत व चित्रकला यांसही जागा होती. स्त्रीचे आयुष्य पुरुषाच्या आयुष्याहून निराळे आहे, तेव्हा तिचा अभ्यासक्रमही निराळा असावा, अशी यामागील विचारसरणी. गणित आणि भौतिकशास्त्र यांचा जो दरारा इतर विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेत होता तो येथे नव्हता. गणिताच्या अध्यापकाने काढलेल्या आणि रँग्लर कुलगुरू असलेल्या विद्यापीठात गणिताला पुढचा पाट मिळू नये, याचे मला आजही नवल वाटते.

येथे मी अण्णासाहेबांशी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. त्या काळी घरच्या वडीलधाऱ्यांची समजूत घालण्यासाठी, मुलगी शिकली तरी घर सोडणार नाही असा भरवसा देण्यासाठी, हा अभ्यासक्रम उपयोगी पडला असेल. पण त्यात एक धोका होता. ‘मुलींना एवढे पुरे’ हे वाक्य एकदा अभ्यासक्रमात शिरले की ते बाहेर काढणे अवघड जाते. नारुशांच्या क्रमात माणूस पहिला होता. स्त्री म्हणून काय लागेल याची यादी आधी करून माणूस म्हणून काय लागेल ते ऐच्छिक ठेवले, तर तो क्रम उलटा होतो.

तरी दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. आरोग्यशास्त्र आणि बालमानस हे विषय हलके आहेत काय? ताप आलेल्या लेकराला पाणी द्यावे की देऊ नये यावरून घराघरांत जेथे वाद होत, तेथे आरोग्यशास्त्र शिकलेली एक मुलगी परत गेली तर त्या घराचे किती हित होईल! लहान मूल खोटे का बोलते, हट्ट का करते, याचा शास्त्रीय विचार त्या काळी मुलांच्या कॉलेजातील किती पदवीधरांनी केला होता? हे विषय मुलींना शिकविले याबद्दल माझी तक्रार नाही. ते मुलांना शिकविले नाहीत, ही तक्रार आहे. आजही नाहीत. बी.एड.ला येईपर्यंत आमच्या पुरुष सहकाऱ्यांनी बालमानसशास्त्राचे नावही ऐकलेले नसते, आणि बाप तर ते बी.एड. न करताच होतात.

पदव्यांची नावे या विद्यापीठाने स्वतःची घेतली. पहिली पदवी गृहीतागमा, म्हणजे जिने विद्या ग्रहण केली ती. वरची पदवी प्रदेयागमा, म्हणजे जिची विद्या दुसऱ्यास देण्याजोगी झाली ती. इंग्रजी अक्षरांत त्यांचे जी.ए. आणि पी.ए. असे होई. नावे मोठी अर्थपूर्ण आहेत, परंतु जी.ए. झालेल्या मुलीला नोकरीच्या अर्जावर ही अक्षरे लिहून पुढे त्यांचा खुलासाही लिहावा लागत असणार! सरकारी खात्यात ती पदवी चालत नसे. मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पदवीवाचून ज्या धंद्यांत शिरता येत नाही ते धंदे तिला बंद. मुलींच्या शाळांत शिक्षिका होणे हा मुख्य मार्ग, आणि पुष्कळजणी त्याच मार्गाने गेल्या. मान्यता नसल्याची किंमत अण्णासाहेबांनी भरली, देणगीदारांनी भरली, पण सर्वांत अधिक या मुलींनी भरली. स्तुतिपर लेखांतून हे सहसा येत नाही.

पैशाचा भाग आता थोडक्यात. पहिली चार वर्षे लहान वर्गण्यांवर निघाली. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासास गेले असता त्यांनी जपानातील महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. परत आल्यावर १९२० साली त्यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी देण्याचे ठरविले. तिचे साडेतीन टक्क्यांप्रमाणे वार्षिक उत्पन्न होई ५२,५०० रुपये. अटींपैकी एक अट विद्यापीठास त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव देण्याची होती. दुसरी अट, सोय होताच मुख्य कचेरी मुंबईस न्यावी. १९२२ साली विठ्ठलदास वारले. त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी या पुढे याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. देणगीची पाटी लावून घराणे मोकळे झाले असे येथे घडले नाही.

विद्यार्थिनींचे राहणे कसे होते, हे अभ्यासक्रमाइतकेच महत्त्वाचे आहे. विद्यापीठाचे मूळ स्थान हिंगणे बुद्रुक, पुण्यापासून चारेक मैलांवरचे खेडे. आज तो भाग कर्वेनगर म्हणून शहरात मिसळून गेला आहे. आश्रमाची पहिली झोपडी तेथे १९०० साली उभी राहिली, पुण्यात प्लेगने कहर केला होता त्या दिवसांत. ती झोपडी आजही जपून ठेविली आहे. जागा गोखले नावाच्या एका रावबहादुरांनी दिलेली. त्या काळात अण्णासाहेब कॉलेजातील काम आटोपून पुण्याहून पायी हिंगण्यास जात, तेथे शिकवीत, आणि पुन्हा पुण्यास येत. पावसाळ्यात ती वाट म्हणजे चिखलच.

हिंगण्याच्या माळावर विधवा, कुमारिका आणि सासरहून शिकावयास आलेल्या सुवासिनी एकत्र राहत. बाहेरच्या समाजात या तिघींच्या पंगती, वस्त्रे आणि सणवार निरनिराळे होते. येथे एकाच वर्गात त्या शेजारी बसून धडा ऐकत. स्वयंपाकापासून आजाऱ्याच्या शुश्रूषेपर्यंत बरीच कामे त्यांनी वाटून घ्यावयाची असत. घरात विधवेला जे काम अपमानाचे म्हणून मिळे तेच काम येथे पाळीचे म्हणून सर्वांना येई. हा भेद कोणत्याही अभ्यासक्रमपत्रिकेत छापता येत नाही, पण मुली शिकल्या त्यातला मोठा भाग हाच असावा. तेथे घडलेल्या स्त्रियांपैकी पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. अण्णासाहेबांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या त्या भगिनी, विधवा. आश्रमासाठी निधी जमवावयास त्या १९१८ साली अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते. तेथे लोकांच्या घरी कामे करून त्यांनी आपला निभाव लावला, भाषा शिकल्या, आणि १९२० साली परत आल्या. हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज निधी तर मराठी माणूस जेथे जेथे आहे तेथे ऐकून ठाऊक आहे.

१९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, स्वतः अण्णासाहेब परदेशी निघाले. युरोप, अमेरिका करून ते १९३० साली जपानला पोचले. ज्या विद्यापीठाची पुस्तिका वाचून आपले विद्यापीठ काढले ते त्यांनी अशा रीतीने चौदा वर्षांनी डोळ्यांनी पाहिले. नारुसे मात्र तेव्हा हयात नव्हते. ते १९१९ सालीच वारले होते. पुढे आफ्रिकेचाही दौरा झाला.

विद्यापीठाची कचेरी १९३६ साली मुंबईस गेली. त्यापूर्वीची काही वर्षे तेथे कुलसचिवाचे काम इरावती कर्वे पाहत. समाजशास्त्रज्ञ म्हणून पुढे नावारूपास आलेल्या त्या याच. कायद्याची मान्यता १९४९ च्या अधिनियमाने मिळाली आणि १९५१ पासून हे विद्यापीठ रीतसर कायदेशीर विद्यापीठ म्हणून चालू लागले. गृहीतागमा आणि प्रदेयागमा ही नावे जाऊन तेथे बी.ए. आणि एम.ए. आले. अण्णासाहेब तेव्हा नव्वदी ओलांडून गेले होते. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, आणि १९६२ च्या ९ नोव्हेंबरला, एकशे चार वर्षांचे आयुष्य जगून, ते निवर्तले. विद्यापीठात हळूहळू विज्ञान, परिचर्या, ग्रंथालयशास्त्र आणि तंत्रशास्त्रही आले. ‘मुलींना एवढे पुरे’ ही मर्यादा अशी विद्यापीठाने आपल्या हातांनीच पुसली, याचा मला विशेष आनंद आहे.

यावरून कोणी असे समजू नये की मान्यता नसलेल्या संस्थेत मुलीला घालण्यास हरकत नाही. १९१६ साली जे करता आले ते आज करताच येणार नाही. १९५६ चा विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा झाल्यापासून केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अथवा तसा दर्जा दिलेली संस्था, यांवाचून कोणालाही पदवी देता येत नाही, आणि नावापुढे विद्यापीठ हा शब्दही लावता येत नाही. पैसे घेऊन कागद विकणाऱ्या दुकानांना आळा घालण्यास हा कायदा हवाच होता. त्यामुळे पालकांनी आयोगाची यादी प्रथम पाहावी हे योग्यच. मात्र यादीत नाव असले म्हणजे संस्था कायद्याने उभी आहे एवढेच सिद्ध होते. तेथील वर्गात काय चालते याची हमी ती यादी देत नाही. आपल्याच शहरातील उदाहरण घ्यावे. कोठीच्या जुन्या रेसिडेन्सीतील महिला महाविद्यालयास २०२२ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २०२४ साली त्यास चाकली ऐलम्मा यांचे नाव दिले गेले. दर्जा मिळाला, त्या दिवशी दर्जाची पाटी बदलली. वर्गातील बाके, अध्यापिका आणि फळे आदल्या दिवशीचेच होते.

तेव्हा हल्ली जी लहान खासगी विद्यापीठे शहराबाहेर माळावर उभी राहत आहेत त्यांच्या बाबतीत पालकांनी माहितीपुस्तकाऐवजी अभ्यासक्रमपत्रिका मागून घ्यावी. माहितीपुस्तकात हिरवळीची चित्रे असतात. पत्रिकेत प्रत्येक विषयाचे तास, प्रात्यक्षिकाचे तास आणि परीक्षेची रीत दिलेली असते. विषयाचे नाव भारदस्त आणि प्रात्यक्षिकाचा तास आठवड्यास एकच, असे दिसले तर कारण विचारावे. कायम नेमणुकीचे अध्यापक किती आणि तासावर येणारे किती, हेही विचारावे. उत्तर देण्याची टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजावे. शक्य असल्यास मुलीला घेऊन एखादा तास मागच्या बाकावर बसून ऐकण्याची परवानगी मागावी. तेथे मुली प्रश्न विचारतात का, आणि विचारला तर कोणत्या भाषेत, याकडे लक्ष द्यावे. बाहेर आल्यावर मुलीला विचारावे की आज तेथे काय सांगितले. ती घरच्या भाषेत सांगू लागली तर पुढची चौकशी शुल्काची करावी. नुसते इंग्रजी शब्द म्हणून थांबली तर दुसऱ्या संस्थेची पत्रिका आणावी.